उल्हासरावांची एका तासाची मेणबत्ती

ऑस्ट्रेलियात, क्वेकर्स हिलमधल्या त्या गल्लीत बहुतेकांच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळे असते. कुणाकडे धूळ खाणारे ट्रेडमिल, कुणाकडे पुण्याहून आलेल्या आणि अद्याप न उघडलेल्या बॅगा, एका घरी तर दर वर्षीची गणपतीची मखरे सालवार रचून ठेवलेली. उल्हास करंदीकरांच्या गॅरेजमध्ये मेणबत्त्या असतात. गेल्या सहा वर्षांत त्यांनी तिथे अदमासे नऊशे मेणबत्त्या ओतल्या आणि त्यांपैकी एकही कुणाला दिली नाही.

हा माणूस कंजूष आहे असे कुणी म्हणणार नाही. परसातल्या झाडाची लिंबे तो दारोदार वाटतो आणि उसनी दिलेली शिडी परत मागायला संकोचतो. मेणबत्तीचा विषय निघाला की मात्र त्याचे उत्तर ठरलेले: "अजून टेस्टिंग चालू आहे." प्रत्येक मेणबत्तीच्या तळाला एक पांढरी चिकटपट्टी असते. तिच्यावर क्रमांक, तारीख, मेणाचा प्रकार, वातीची जाडी, आणि सर्वांत खाली ठळक अक्षरांत एक ओळ: चाचणीसाठी. देण्यासाठी नाही.

या स्वभावाचे मूळ त्यांच्या नोकरीत शोधता येते. पॅरामॅटातल्या एका कार्यालयात ते सॉफ्टवेअरची चाचणी करतात. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधण्याबद्दल त्यांना पंचवीस वर्षे पगार मिळत आला आहे. हीच विद्या ते घरी विनामूल्य वापरू लागले की त्यांची पत्नी लीना तिला वेगळ्या नावाने ओळखते.

मेणबत्तीचा नाद लागला तो टाळेबंदीच्या वर्षी. लीनाला ऑफिसातून भेट म्हणून लॅव्हेंडरच्या वासाची एक जाडजूड मेणबत्ती मिळाली होती. ती लावली आणि चार तासांत वातीभोवती खोल विहीर पडली. कडेचे मेण जसेच्या तसे उभे राहिले, आणि तळाशी ज्योत स्वतःच्याच वितळलेल्या मेणात बुडून गेली. दुसरा कुणी असता तर ती कचऱ्याच्या डब्यात गेली असती. उल्हासरावांनी ती सुरीने उभी चिरली आणि वहीत लिहिले, 'दोष: मेणाच्या रुंदीच्या मानाने वात बारीक.' त्या वहीचा आज सातवा भाग चालू आहे.

दरम्यान ते बरेच शिकले. मेणबत्तीत मुख्यतः मेण जळते, तेही वाफ होऊन. वात केवळ पाणक्याचे काम करते, वितळलेले मेण खालून वर नेऊन देते. वात बारीक असेल तर विहीर पडते, जाड असेल तर काजळी धरते. खनिज तेलापासून केलेले पॅराफिन स्वस्त आणि आज्ञाधारक. सोयाबीनचे मेण मऊ. ते कुरडईच्या चुऱ्यासारख्या पांढऱ्या पापुद्र्यांच्या रूपात पोत्यातून येते आणि थंड होताना जरा घाई झाली की अंगावर बुरशीसारखे डाग आणते. हॉक्सबरी नदीकाठच्या एका मधपाळाकडून मिळणारे मधमाश्यांचे मेण सोनेरी, टणक आणि मानी; ते इतरांत मिसळायला फारसे राजी नसते. मेणाला कडकपणा यावा म्हणून जे स्टिअरिन घालतात, ते गाईच्या चरबीचेही असू शकते हे वाचल्यावर उल्हासरावांनी पुरवठादाराला तीन परिच्छेदांचे पत्र लिहिले. त्याचे उत्तर एका ओळीत आले: पामचे आहे, नो वरीज. ते उत्तर त्यांनी छापून वहीत चिकटवले.

असे सगळे शिस्तीत चालले असताना, गेल्या नोव्हेंबरात सांगलीहून त्यांच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी मुक्कामाला आल्या.

चित्रलेखाबाईंनी चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले होते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्या गॅरेजमध्ये गेल्या. फळीवरच्या मेणबत्त्या त्यांनी डावीकडून उजवीकडे पाहिल्या, एक उचलून तळाची पट्टी चष्मा वर करून वाचली आणि परत जागच्या जागी ठेवली.

"उल्हासराव," त्या म्हणाल्या, "लीनाला दाखवण्यापासून मांडव उतरवेपर्यंत आम्हांला सगळे मिळून चार महिने लागले. तुम्हांला एक मेणबत्ती द्यायला सहा वर्षं?"

"आई, लीनाचं टेस्टिंग आधीच झालेलं असणार."

"कोण म्हणालं?" स्वयंपाकघरातून लीनाचा आवाज आला. "मला रिलीज करायची त्यांनाच घाई होती."

पुढल्या आठवड्यात चित्रलेखाबाईंनी स्वतः वळलेल्या कापसाच्या वातींचा डबा काढला. विकतच्या वातीपेक्षा या बऱ्या, असा त्यांचा दावा होता. उल्हासरावांनी त्या दाव्याची रीतसर परीक्षा घेतली. तेलाच्या निरांजनात आयुष्य काढलेली ती वात मेणात उभी राहीना. टोकाला फुलासारखी गुठळी धरली आणि अकराव्या मिनिटाला एका कुशीवर झोपून गेली. मेणबत्तीची वात पेडाची वेणी घालून विणतात. त्यामुळे जळताना तिचे टोक किंचित वाकून ज्योतीच्या कडेला येते आणि आपले आपण झडून जाते. हे सगळे उल्हासरावांनी सासूबाईंना कागदावर आकृती काढून समजावले.

"आकृतीला नावं दिलेली नाहीत," चित्रलेखाबाई म्हणाल्या, "पण सहा गुण देते." वातींचा डबा मात्र त्यांनी निमूटपणे देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवला.

एप्रिलमध्ये त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती आणि त्यानंतर आठच दिवसांनी परतीचे विमान होते. गुडघ्यांची अवस्था पाहता ही त्यांची शेवटची ऑस्ट्रेलिया-भेट असणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणीच बोलत नव्हते. पंचाहत्तरी म्हणजे पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण. कणकेचे दिवे करावेत, तूप घालावे, परातीत मांडून ओवाळावेत, असा लीनाचा बेत होता. उल्हासरावांचे मित्र यतिन दाभाडे यांनी शनिवारी दुपारी तीन ते पाच या वेळेसाठी एक सभागृह मिळवून दिले. त्याच्या नियमांच्या कागदावर मात्र लिहिलेले होते की तुपातेलाचे उघडे दिवे चालणार नाहीत. मेणबत्त्या चालतील, त्याही काचेच्या पेल्यात.

जेवणाच्या टेबलावर हा कागद वाचून झाल्यावर सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या. उल्हासराव आमटीत काहीतरी शोधू लागले.

"वेंटवर्थव्हिलच्या दुकानात मिळतात की टी-लाइट, छोट्या तयार मेणबत्त्या," ते म्हणाले. "शंभराचं पाकीट असतं."

"दुकानातली आणलीत तर मी खोलीतून बाहेर येणार नाही," चित्रलेखाबाई म्हणाल्या. "पंचाहत्तर वर्षांत जावयाकडे काही मागितलेलं नाही."

"आई, पहिली पंचेचाळीस वर्षं तुम्हांला जावई नव्हता."

"म्हणून साठलंय. आणि एक सांगून ठेवते, औक्षणाच्या दिव्यावर फुंकर मारायची नाही. ते आपोआप शांत झाले पाहिजेत. केकवर फूंफूं करतात तसलं माझ्यापुढे नको."

जेवायला आलेल्या यतिनने त्यात भर घातली. पंचाहत्तर पाहुण्यांपैकी प्रत्येकाने एक दिवा लावावा आणि आजींविषयी एकच वाक्य बोलावे. शेवटचा दिवा लागला की औक्षण. प्रत्येकी अर्धा मिनिट धरले तर चाळीस मिनिटांचे काम.

"मराठी माणूस आणि एक वाक्य?" लीना म्हणाली. "पन्नास धर."

म्हणजे पहिला दिवा लावल्यापासून निदान पन्नास मिनिटे जळत राहायला हवा, नाहीतर पंचाहत्तर दिवे एका वेळी कधी दिसणारच नाहीत. उलट फार वेळ जळत राहिला तर पाच वाजता सभागृहाचे दार लागण्यापूर्वी तो विझणार नाही आणि फुंकर तर मारायची नाही. उल्हासरावांनी आमटीची वाटी बाजूला सारली. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती लीनाने ओळखली. टाळेबंदीच्या वर्षी लॅव्हेंडरची मेणबत्ती चिरताना ती शेवटची दिसली होती.

"एक तास," ते म्हणाले. "एका तासाची मेणबत्ती."

पुढले सहा आठवडे ते त्या एका तासाच्या मागे होते. सोयाचे मेण चार भाग, मधमाश्यांचे एक भाग. प्रत्येक पेल्यात ते केवळ चार ग्रॅम, म्हणजे चमचाभर तुपाहूनही कमी. वात सर्वांत बारीक विणीची, तळाला पत्र्याच्या चकतीत घट्ट बसवलेली. मेण दुहेरी भांड्यात वितळवायचे, अमुक अंशांवर उतरवायचे, तमुक अंशांवर ओतायचे. चाळीस मेणबत्त्या त्यांनी एकेक करून, खिडक्या बंद करून, हातात घड्याळ घेऊन जाळल्या. सर्वांत अल्पायुषी अठ्ठावन्न मिनिटे जळली आणि सर्वांत चिवट त्रेसष्ट. चाळिसाव्या चाचणीनंतर त्यांनी वहीत 'मंजूर' असा शब्द लिहिला. तो शब्द त्या वहीत पहिल्यांदाच येत होता. मग त्यांनी पंचाहत्तर पेले भरून फळीवर मांडले. सवयीने त्यांच्या तळाशी पट्ट्याही चिकटवल्या.

समारंभाच्या आदल्या गुरुवारी ते घरूनच काम करीत होते. दुपारी त्यांची मुलगी रुचा युनिव्हर्सिटीतून आली, सँडविच खात गॅरेजच्या दारात उभी राहिली आणि मांडणी पाहू लागली.

"बाबा, दे लुक अमेझिंग. सगळ्या एकत्र कशा दिसतात बघितलंस?"

"एकत्र कशाला? चाळीस वेळा टेस्ट केलीय. रेंज अठ्ठावन्न ते त्रेसष्ट."

"नो, आय मीन, चाळीस वेळा एक लावलीस. चाळीस एका वेळी कधी लावल्यास?"

उल्हासरावांनी फळीवरची रांग पुन्हा पाहिली. ऑफिसात ज्या तरुण मुलांना ते नेमका हाच प्रश्न विचारून रडकुंडीला आणतात, त्यांचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढून सरकले असावेत.

पितळेची वीस इंची परात कामाच्या टेबलावर आली. तिच्यात पंचाहत्तर पेले एकमेकांना खेटून बरोब्बर बसले. दोघांनी लांब काडीच्या लायटरने सगळे लावले. पहिली पाच मिनिटे दृश्य इतके देखणे होते की रुचाने फोटो काढले. दहाव्या मिनिटाला मधल्या ज्योती उंच होऊ लागल्या. पेले तापले, आतले मेण पाण्यासारखे पातळ झाले. शेजारच्याची ऊब प्रत्येकाला अशी काही मानवली की जो तो दुप्पट घाईने जळत सुटला. सतराव्या मिनिटाला एक काच तडकली. बाविसाव्या मिनिटाला मधले तीस विझून गेले होते आणि कडेचे त्यांच्या वाटेवर होते.

उल्हासराव मेणाच्या रिकाम्या बादलीवर बसले. एकेकटी नीट जळणारी वस्तू पंचाहत्तरांच्या मेळाव्यात वेगळी वागेल, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. खरे तर हे त्यांना कळायला हवे होते. ते स्वतःही पाहुण्यांच्या गर्दीत बाविसाव्या मिनिटाला संपणाऱ्यांपैकीच आहेत. सहा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी द्यायचे कबूल केले होते, तेही जी बाई पुन्हा मागायला येणार नाही तिला. परवा दुपारी तिच्या समोर शेवटची वात पेटण्याआधी पहिल्या तीस विझलेल्या असतील.

"टी-लाइटचं पाकीट आणतो," ते म्हणाले.

"कुणासाठी?" दारातून चित्रलेखाबाईंनी विचारले. करपलेल्या मेणाचा वास त्यांना थेट दिवाणखान्यातून घेऊन आला होता. त्यांनी परात पाहिली, तडकलेली काच पाहिली आणि परातीच्या काठाला बोट लावून लगेच काढून घेतले.

"तापतंय, एवढंच ना? मग पाण्यात ठेवा."

"आई, जळत्या मेणावर पाणी म्हणजे भडका उडतो. तुम्हांला तर हे माहीत—"

"मी तुम्हांला वर ओतायला सांगतेय का? खाली ठेवायला सांगतेय. परातीत बोटभर पाणी, त्यात पेले उभे. फ्रिज नव्हता तेव्हा लोणी कुठे ठेवत होतो आम्ही?" आणि जरा थांबून, शाळेच्या आवाजात, "उष्णतेचं वहन. इयत्ता सातवी."

रुचा हसली नाही, पण तिला सँडविच तोंडापुढे धरावे लागले.

शुक्रवारी उल्हासरावांनी रजा टाकली. पेले धुऊन पुन्हा भरायचे होते, तेही दोनदा, एकदा चाचणीसाठी आणि एकदा खऱ्यासाठी. त्यामुळे नाइलाजाने त्यांनी घरच्यांना गॅरेजमध्ये येऊ दिले. लीना वाती बसवायला, रुचा मेण तोलायला, चित्रलेखाबाई खुर्चीत बसून तापमान वाचायला. त्या दर मिनिटाला आकडा मोठ्याने सांगत. उल्हासरावांना तो दिसत होता, तरी त्यांनी त्यांना थांबवले नाही. बोटभर पाण्यातल्या पंचाहत्तर मेणबत्त्या छप्पन्न ते एकसष्ट मिनिटे जळल्या. वहीत 'मंजूर' हा शब्द दुसऱ्यांदा आला, आणि त्याखाली सुवाच्य अक्षरात, 'सूचना: सासूबाई.'

शनिवारी तीन वाजता सभागृहाच्या मधोमध टेबलावर परात मांडली. पाणी तिथेच, तांब्याने मोजून घातले. तीन वाजून पंधरा मिनिटांनी रुचाने पहिला दिवा लावला. "आजी, यू आर द ओन्ली वन हू बीट्स बाबा," असे तिचे वाक्य होते आणि टाळ्या पडल्या. मग रांग पुढे सरकू लागली. सुरुवातीची माणसे शिस्तीची निघाली. एकविसाव्या दिव्याला गल्लीतले मुरलीधरकाका उभे राहिले. वाक्य त्यांनी एकच बोलले, हे कबूल केले पाहिजे. त्याचा पूर्णविराम मात्र सव्वाचार मिनिटांनी आला. त्यांच्यापासून बाकीच्यांना उत्साह चढला. कुणी सांगलीच्या भडंगाची आठवण काढली, कुणी आपल्या सातवीतल्या गुणांची. उल्हासराव भिंतीशी उभे राहून आळीपाळीने घड्याळाकडे आणि रुचाच्या दिव्याकडे पाहत होते.

चार वाजून पाच मिनिटे झाली तेव्हा पासष्ट दिवे लागले होते. पहिल्याच्या तळाशी मेणाचा केवळ ओला पापुद्रा उरला होता.

"यतिन," उल्हासराव दबक्या आवाजात म्हणाले, "लोकांना आवर."

"मी? अरे, मी अडुसष्टावा आहे. महिनाभर वाक्य घोकतोय."

तरी यतिनने माणुसकी दाखवली आणि घोकलेल्यापैकी अर्धेच बोलला. चार वाजून दहा मिनिटांनी पंचाहत्तरावा दिवा राहिला, तो जावयाचा होता. उल्हासराव पुढे झाले. बोलायचे काही त्यांनी ठरवले नव्हते, आणि तिकडे पहिली ज्योत मान टाकायच्या बेतात होती. त्यांनी वात पेटवली, सासूबाईंकडे पाहिले आणि म्हणाले, "ही तपासलेली आहे."

सभागृहात हशा पिकला. चित्रलेखाबाई हसल्या नाहीत; त्यांनी फक्त पदर सारखा केला. परातीत पंचाहत्तरच्या पंचाहत्तर दिवे जळत होते.

लीनाने आईला कुंकू लावले, सुपारी आणि अंगठी ओवाळली, आणि ती व रुचा दोन्ही बाजूंनी परात उचलायला वाकल्या. परात हलली नाही. पुन्हा जोर केला तेव्हा पाणी डचमळले, पेले एकमेकांवर किणकिणले आणि दोघींनी हात काढून घेतले. पंचाहत्तर काचेचे पेले, जाड पितळ आणि वर दीड लिटर पाणी. गॅरेजमध्ये ती परात टेबलावर भरली गेली होती आणि टेबलावरच रिकामी झाली होती. तिला उचलून पाहण्याची चाचणी कुणी घेतलीच नव्हती.

"वजन," उल्हासराव म्हणाले. "वजन मी धरलंच नाही." त्यांच्या स्वरात एवढी निराशा होती की मुरलीधरकाकांनाही त्यावर काही बोलावेसे वाटले नाही.

"पाणी माझं, काच तुमची," चित्रलेखाबाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठत म्हणाल्या. "वजन दोघांचं. या इकडे, कोपर द्या."

"काय करताय आई?"

"परात माझ्याभोवती फिरत नाही ना? मी फिरते. दिव्यांना काय कळतंय, कोण कुणाभोवती फिरतंय."

आणि जावयाच्या कोपराचा आधार घेऊन, दुखऱ्या गुडघ्याला जरा दम देत, त्या टेबलाभोवती निघाल्या. बायकांनी औक्षणाचे गाणे धरले. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत त्या रुचाच्या दिव्यासमोर आल्या तेव्हा तो दोनदा लवला आणि कुणी न मारलेल्या फुंकरीने शांत झाला. धुराची बारीक रेघ वर गेली.

उल्हासरावांची नजर मनगटाकडे गेल्यावाचून राहिली नाही. "अठ्ठावन्न," ते पुटपुटले.

"चालायचंच," चित्रलेखाबाई म्हणाल्या. "पंचाहत्तरीत दोन मिनिटं इकडेतिकडे."

यानंतर चिवडा, बर्फी आणि चहा चालू असताना ज्या क्रमाने लागले होते साधारण त्याच क्रमाने दिवे विझत गेले. पाच वाजून पाच मिनिटांनी सभागृहाची रखवालदार बाई किल्ल्या वाजवीत आली. तोवर पाचसहाच ज्योती उरल्या होत्या. तिने विचारले, या विझवायच्या का. सतरा-अठरा माणसांनी एका सुरात नको म्हटले. मग तीही हाताची घडी घालून पाहत उभी राहिली, आणि पाच वाजून सात मिनिटांनी उल्हासरावांची पंचाहत्तरावी ज्योत गेली तेव्हा तिनेच पहिली टाळी वाजवली. तिला कुणीतरी बर्फी दिली.

पुढल्या शुक्रवारी बॅगा भरणे चालले होते. उल्हासराव दारात घुटमळले. त्यांच्या हातात एक पेला होता, समारंभाच्या आदल्या दिवशीच्या ओतीतला, जास्तीचा म्हणून बाजूला ठेवलेला.

"आई, ही... न्यायची असेल तर. हँडबॅगेत ठेवा, खालच्या बॅगेत वितळेल. म्हणजे नक्की सांगता येत नाही. विमानाच्या पोटातलं टेस्टिंग केलेलं नाही."

चित्रलेखाबाईंनी पेला घेतला, सवयीने उलटा करून तळ पाहिला. उल्हासराव ओशाळले. 'देण्यासाठी नाही'ची पट्टी काढायची राहूनच गेली होती. त्यांनी हात पुढे केला आणि अंगठ्याच्या नखाने तिचा एक कोपरा उचकटायला सुरुवात केली.

"राहू द्या ती," सासूबाईंनी पेला त्यांच्या हातातून सोडवून घेतला आणि दोन रेशमी साड्यांच्या घडीत गुंडाळला. "तिकडे बहिणी आहेत माझ्या. कुणी मागितली तर दाखवायला बरी."